व्हिलन मुळात शेतमजूर होता

पुण्याहून मुळशीकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्डरांचे फलक सुरू होतात. ‘लक्झुरियस विला’. खाजगी स्विमिंग पूल, क्लबहाऊस, आणि कोपऱ्यात भाताचं एक वाफाभर शेत, ‘व्हिलेज लाइफ’ अनुभवायला. आता गंमत बघा. विला, व्हिलेज आणि व्हिलन ही तिन्ही एकाच घरची लेकरं. लॅटिनमधला ‘विला’ म्हणजे शेतीवाडीसकट गावाकडचा वाडा. त्या वाड्याच्या शेतात राबणारा तो ‘विलानुस’. वाड्याची किंमत कोटींत गेली आणि राबणाऱ्याच्या नावाची शिवी झाली.

मी इंग्रजी शिकवतो. ‘काळाच्या ओघात शब्दांचे अर्थ बदलतात’ हे वाक्य मीही वर्गात कितीदा तरी म्हटलं असेल. पण हल्ली ते घशाखाली उतरत नाही. काळ काही करत नाही हो, माणसं करतात. आणि ज्यांच्या हातात दौत-लेखणी असते ती जरा जास्तच करतात. ‘व्हिलन’इतका याचा स्वच्छ पुरावा दुसरा सापडायचा नाही.

इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने १०८६ साली सगळ्या मुलखाची मोजदाद करवली. जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, डुकरं किती. त्या डूम्सडे बुकात नोंदलेल्या माणसांपैकी साधारण चाळीस टक्के ‘विलानी’, म्हणजे अनेक विलानुस, आहेत. म्हणजे हा कुणी गुंड-पुंड नव्हता, सगळ्यात मोठ्या संख्येचा शेतकरी होता. तळाचाही नव्हता. त्याच्याखाली तुकडाभर जमिनीवाले झोपडीकरी होते, त्यांच्याखाली गुलाम. पुढच्या दोनशे वर्षांत वकिलांनी आणि जमीनदारांनी मिळून त्याला कायद्याने बांधून टाकलं. आठवड्याचे दोन-तीन दिवस मालकाच्या रानात फुकट काम, सुगीत त्याहून जास्त. गाव सोडून जायची मुभा नाही. मुलीचं लग्न ठरलं की मालकाला पैसे भरायचे. बाप मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाच्या दावणीला. मालकाविरुद्ध राजाच्या न्यायालयात दाद मागायची सोय नाही. आणि एखाद्याने ‘मी मोकळा माणूस आहे’ असा दावा केलाच, तर कोर्टात विचारायचे, तुझ्या घरच्या पोरींच्या लग्नाला पैसे भरले होते का? भरले असतील तर दावा संपला.

दळण हा यातला माझ्या लेखी सगळ्यात चीड आणणारा भाग. धान्य मालकाच्याच गिरणीत दळायचं आणि त्यातला वाटा तिथेच ठेवून यायचं. सेंट ऑल्बन्सच्या मठाची प्रजा घरीच जात्यावर दळायची, कारण ते फुकट पडायचं. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाधिपतीने लोकांची जाती जप्त केली. जप्त करून काय केलं? त्यांच्या दगडांची मठाच्या बैठकीत फरशी घातली. रोज त्यावरून महंत ये-जा करणार. घराघरातल्या बायकांच्या हाताखालची जाती ती.

१३८१च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. आधी प्लेगने माणसं मेली, मजूर कमी पडले, मजुरी वाढू लागली, तर १३५१ला कायदा करून ती जुन्या दरावर बांधली. वर डोईपट्टी. केंट आणि एसेक्समधून माणसं लंडनवर चालून गेली. वाटेत त्यांनी जागोजागी जमीनदारांची दप्तरं जाळली. आपण बांधील आहोत हे कुठे लिहिलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जॉन बॉल नावाचा पाद्री त्यांना विचारत होता, आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती, तेव्हा खानदानी कोण होतं? सेंट ऑल्बन्सची माणसं मठात घुसली आणि त्यांनी ती फरशी उखडली. दगड फोडून एकेक तुकडा सगळ्यांनी वाटून घेतला, प्रसादासारखा.

चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने बंडखोरांना मालकाची ही वेठ रद्द केल्याच्या सनदा लिहून दिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, आणि जुलै उजाडताच सनदाही रद्द. तुम्ही गावंढळ होता आणि गावंढळच राहाल, अशा अर्थाचं उत्तर राजाने एसेक्सच्या माणसांना दिलं, अशी नोंद टॉमस वॉल्सिंगहॅमने केली आहे. आता हा वॉल्सिंगहॅम कोण? सेंट ऑल्बन्सचाच भिक्षू. ज्यांची फरशी उखडली त्यांच्या घरचा. बंडाची जी हकीकत आपल्यापर्यंत आली, तिचा मोठा भाग त्याच्या लेखणीतून आला. जात्याचा तुकडा घरी नेणाऱ्यांपैकी कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. ठेवणार कसं?

शब्द असा खाली जातो. आधी ‘वाड्यावरचा गडी’. मग ‘आडमुठा, घाणेरडा, वागायची रीत नसलेला’. मग ‘हलक्या मनाचा’. शेवटी ‘दुष्ट’. त्याच वेळी शिडीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं तेही बघा. ‘जंटल’ म्हणजे मुळात चांगल्या कुळातला, तो झाला सौम्य. ‘जनरस’ म्हणजे उच्च कुळात जन्मलेला, तो झाला उदार. ‘नोबल’चं सांगायलाच नको. इंग्रजीचे प्राध्यापक आणि लेखक सी. एस. लुईस यांनी १९६०च्या ‘स्टडीज इन वर्ड्स’मध्ये यावर नेमकं बोट ठेवलंय. दर्जा सांगणारे शब्द हळूहळू चारित्र्य सांगायला लागतात. कुळ चांगलं म्हणून माणूस चांगला. हे वाक्य कुणी उघड म्हटलं तर आपण भांडायला उठू, पण ते शब्दकोशात विरघळून आलं की आपण पाठ करतो.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत हा प्रवास पुरता झाला नव्हता आणि त्याने त्या सांध्यावर मजेदार खेळ केलाय. ‘ॲज यू लाइक इट’च्या पहिल्याच प्रवेशात थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लंडोला ‘व्हिलन’ म्हणतो, म्हणजे हरामखोर अशा अर्थी. ऑर्लंडो त्याची मानगूट धरून उत्तर देतो की मी व्हिलन नाही, मी सर रोलंड द बॉइसचा धाकटा मुलगा आहे. आमच्या बापाने व्हिलन जन्माला घातले असं जो म्हणेल तोच तिप्पट व्हिलन. भावाने शिवी दिली चारित्र्यावरून, याने उत्तर दिलं कुळावरून. वर्गात हा संवाद शिकवताना मी हमखास थांबतो. पोराला राग कशाचा आलाय? दुष्ट म्हटल्याचा की गडीमाणूस म्हटल्याचा? मला विचाराल तर दुसऱ्याचा जास्त. आणि हा काही नुसता शब्दांचा खेळ नव्हता. वेठीच्या या दर्जावरून शेवटचा मानला जाणारा खटला १६१८चा, म्हणजे शेक्सपिअर वारल्यानंतरचा.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात हा शब्द नाटक-कादंबरीतल्या पात्राचा झाला, मग त्याला मिशा फुटल्या, मग सिनेमा आला.

आणि सिनेमा आपल्याकडे आला तेव्हा मराठी व्हिलन कोण झाला? पाटील, सावकार, साखरसम्राट. वाड्याचा मालक! इंग्रजीत वाड्यावर राबणारा व्हिलन, मराठीत वाड्यावर बोलावणारा. निळू फुल्यांच्या नावावर खपणारं ते ‘बाई, वाड्यावर या’ आठवा. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. इंग्रजीने उलटा करून ठेवलेला शब्द आपल्या सिनेमाने नकळत सुलटा केला असं मला नेहमी वाटतं. त्यात आणखी एक वळसा आहे. निळूभाऊ नट होण्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करायचे. लॅटिन कोश हातात घेऊन बोलायचं तर विलानुसच्या अगदी जवळचे. नंतर जन्मभर पडद्यावर दुसऱ्या प्रकारचा व्हिलन रंगवून त्यांनी बायाबापड्यांचे शिव्याशाप खाल्ले.

कुणी म्हणेल, सर, शब्द खाली-वर होतच असतात, त्यात राजकारण कशाला शोधता? ‘नाइस’ म्हणजे पूर्वी अडाणी, ‘सिली’ म्हणजे पूर्वी भाग्यवान, तिथे कुठला जमीनदार होता? मान्य. सगळ्याच शब्दांमागे जमीनदार नसतो. पण ही एक जोडी घ्या. जुन्या इंग्रजीत पोऱ्याला दोन शब्द होते, एकाचा पुढे ‘नाइट’ झाला आणि दुसऱ्याचा ‘नेव्ह’. दोघेही पोरंच, दोघेही पुढे चाकर. नाइटला घोडा मिळाला, मग जमीन, मग नावाआधी ‘सर’. नेव्ह चाकरीतच राहिला आणि त्याचा अर्थ झाला लबाड. जर्मनमध्ये नाइटचा सख्खा भाऊ ‘क्नेख्ट’ अजून गडीच आहे, त्याला घोडा मिळाला नाही. हा नुसता योगायोग, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

इंग्रजांना नावं ठेवून आपण सुटत नाही. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ हा दोष ठरवला. ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाच्या दोषांच्या यादीत तो आहेच. गावचं ते ग्राम्य, म्हणून अशिष्ट, आणि मराठीत तर ‘ग्राम्य विनोद’ म्हणजे सरळ अश्लील. नगरातलं ते नागर, म्हणून सुबक. ‘बरा कुणबी केलों, नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों’ असं तुकोबांनी देवाला सांगितलं, तरी ‘कुणबट’ ही शिवी मराठीत राहिलीच. ऑर्लंडो कुळाच्या आड उभा राहिला, तुकोबांनी ते कुळच कपाळाला लावलं. पण कोशात कुणाचं चाललं?

सध्या ‘गावठी’ हा शब्द मात्र मजेशीर जागी येऊन थांबलाय. गावठी कोंबडी, गावठी तूप, गावठी लसूण. हे विशेषण लागलं की शहरात भाव चढतो. परवा आमच्या आठवडी बाजारात एका गृहस्थांनी तीन पाट्या पालथ्या घातल्या, अंडी उन्हात धरून पाहिली, ‘मावशी, नक्की गावठी आहेत ना?’ असं चारदा विचारलं आणि कटकट न करता जास्तीचे पैसे मोजले. गाडी काढताना त्याच मावशींच्या मुलाची हातगाडी आडवी आली. त्यांनी काच खाली केली, ‘अक्कल नाही का रे गावंढळा’ म्हणून ओरडले, आणि अंड्यांची पिशवी मांडीवर नीट धरून निघून गेले.