‘पुण्यात बसून’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. महाराष्ट्रात यायचं का, असा गोव्याला १९६७ मध्ये कौल विचारला, मग बेळगावला का नाही, असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या नेमणुकीचं साल चुकलं, बेळगाव शहरात आज मतदान घेतलं तर आपणच पडू, सांगली जिल्ह्यातल्या जतच्या गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले होते, त्यांनाही हा हक्क देणार का, आणि “पुण्यात बसून सीमाभागाच्या नावाने गळे काढायला काय जातंय?”

साल चुकलं, मान्य. नेमणूक १९६६ची, अहवाल १९६७चा. दुरुस्त केलंय. आभार.

आता गळे. प्रश्न विचारायची ही कुठली पद्धत? मी शहापूरचा. संस्थानी काळात सांगलीकरांचं, आता बेळगावात मिसळलेलं शहापूर. तुम्ही गेला असाल तर कुंदा आणायला गेला असाल. आमच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये यायचा. वडिलांचं नाव त्यावर, पण वडिलांना ते वाचता यायचं नाही. गल्लीत एक कन्नड मास्तर होते, देवमाणूस. ते बोट ठेवून दाखवायचे, “हे बघा, हे तुम्ही.” पुढच्या खेपेला सापडावं म्हणून वडिलांनी त्या अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. तो कागद माझ्याकडे आहे. पुण्यातच आहे, कपाटात.

१९८६ला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, तेव्हा मी पाचवीत होतो. दर १ नोव्हेंबरला, १९५६ साली बेळगाव तिकडे गेलं त्या दिवशी, दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जायचो. पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो. यात गुन्हा कुठला? पोट भरायला गाव सोडलेल्या माणसाने गावाबद्दल बोलायचं नाही, हा नियम तुम्ही कुठून आणलात? उद्या मुंबईतल्या चाकरमान्याला कोकणाबद्दलही बोलू देणार नाही तुम्ही.

आणि मास्तरांचं सांगितलं ते मुद्दाम. माझं भांडण कन्नड माणसाशी नाही, हे मूळ लेखात दोनदा लिहिलंय. पण लेख शेवटपर्यंत वाचायची सवय असावी लागते.

आपण पडू म्हणता? पडू. गोव्यात नाही का पडलो? १६ जानेवारी १९६७. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. म्हापशाची माझी आत्या फुलावर, म्हणजे विलीनीकरणाच्या चिन्हावर, शिक्का मारून आली होती. निकालाच्या दिवशी चूल पेटवली नाही म्हणे. पण नंतर जन्मभर तिने तक्रार केली नाही. विचारलं होतं ना तिला! बेळगावला १९५६ साली कुणी विचारलं? आधी म्हैसूर राज्यात घातलं, दहा वर्षांनी आयोग बसवला. त्या आयोगाने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलं आणि बेळगाव शहर तिकडेच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तारखा पडताहेत. मतदान घ्यायचं तर आजच्या वस्तीचं की १९५६च्या, हा प्रश्न आहे खरा. त्यावर सवडीने लिहीन.

जतचं म्हणाल तर तो पाण्याचा प्रश्न. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी पोचलं की तो मिटतो. भाषेच्या प्रश्नात तो कालवू नका.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. त्यातला ‘ढोंगी’ हा शब्द तेवढा गाळलाय. पुढच्या वेळी नाव लिहा, आणि गावही.