टी-बॅग स्वस्त? हिशेब करून बघा

‘टी-बॅगमध्ये चहा मोजून मिळतो, वाया जात नाही, म्हणून ती स्वस्त पडते’ हे काही पटलं नाही. एका पिशवीत असतो साधारण २ ग्रॅम चहा. म्हणजे शंभर पिशव्यांच्या डब्यात जेमतेम २०० ग्रॅम, आणि तोही बहुतेक बारीक डस्टच! तेवढ्या पैशांत आमच्या वाण्याकडे अर्धा किलो ममरी, म्हणजे दाणेदार चहा, येते.

शिवाय आपला चहा दुधाचा. ऑफिसात गरम दुधाच्या कपात पिशवी बुडवून दोरा हलवत बसते, तरी रंग येतो ओल्या पुठ्ठ्यासारखा. शेवटी दुसरी पिशवी टाकावीच लागते. घरी दीड चमचा पावडर आल्यासोबत उकळली की तिघांचं भागतं. प्रवासात मात्र चार-पाच पिशव्या पर्समध्ये असतात, खोटं कशाला बोलू!