वाढवणची सुनावणी अन् आमची कोराडी
डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराच्या जनसुनावणीवरचा, तिथल्या मच्छीमारांच्या तक्रारींचा लेख वाचला. नागपूरवाल्यांना समुद्राचं काय करायचं असं कोणी म्हणेल, पण नियम तर एकच आहे ना बाप्पा, प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६ च्या अधिसूचनेचा. आमच्याकडे कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या नव्या ६६० मेगावॅटच्या २ युनिटसाठी मे २०२३ मध्ये सुनावणी झाली, तीही भर उन्हाळ्यात, म्हणून डहाणूचे मच्छीमार काय म्हणून राहिले ते आम्हाला बरोबर समजते. ३० दिवसांची नोटीस द्यायची, पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या रिपोर्टचा सारांश मराठीत द्यायचा, हे कागदावर ठीक आहे, पण मूळ रिपोर्ट शेकडो पानांचा अन् इंग्रजीत, पहाटे बोट घेऊन जाणारा माणूस तो वाचेल कधी अन् आक्षेप लिहील कधी? अन् रिपोर्ट बनवणारी कंपनी प्रकल्पवाल्यानंच नेमलेली, पैसेही त्याचेच, हे मला सगळ्यात जास्त खटकते. १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, तिथं ७६ हजार कोटींचं बंदर करता तर निदान तपासणी तरी स्वतंत्र माणसांकडून करा. अजून एक, सुनावणी संपताना इतिवृत्त तिथंच लोकांना वाचून दाखवावं लागते, तोवर कोणी उठून जाऊ नका, आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथंच सांगा अन् लेखीही द्या.