बॉनेटमधलं पिल्लू

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेआठला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : 'बी विंगच्या पार्किंगमध्ये एका गाडीत चिमणीचं पिल्लू अडकलंय. रोज सकाळी जिवाच्या आकांताने ओरडतं. गाडीवाल्याला पडलेली नाही.' खाली जोडलेले हात, तीनदा. गाडीवाला म्हणजे मी. पिल्लू म्हणजे टेन्शनरची पुली, इंजिनाचा पट्टा ताणून धरणारं चाक.

थंड इंजिन सुरू केलं की चिंव-चिंव-चिंव, आणि चार-पाच मिनिटांनी गप्प. कोरड्या पडत चाललेल्या बेअरिंगची ही नेहमीची खोड. उरलंसुरलं ग्रीस गरम होऊन पातळ होईपर्यंत ते कण्हतं. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडता, कानाचा फोन न काढता 'आल्टरनेटर गेलाय', म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्रच गेलंय, असं सांगून टाकलं होतं. म्हणून शनिवारी पाने घेऊन मीच खाली उतरलो, तर काकू आधीच हजर. एका हातात पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात तांदळाची कणी.

"काकू, आत पिल्लू नाहीये. पट्ट्याच्या पुलीचं बेअरिंग वाजतंय."

"अरे, मी दोन आठवडे ऐकतेय. मला चिमणी कळत नाही का?"

"मग गाडी बंद केल्यावर ते गप्प का बसतं?"

"घाबरतं ना!"

"आणि चालू केल्यावर ओरडतं ते?"

"घाबरूनच ओरडतं!"

यावर काय बोलणार? मी गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर हलकासा दाबला. इंजिनाचे फेरे वाढले तसा आवाजही भरभर झाला. फिरणाऱ्या भागाचा याहून ढळढळीत पुरावा नसतो. काकू म्हणाल्या, "बघ, किती कासावीस झालं!"

पहिली शंका पट्ट्यावर घ्यायची. चालू इंजिनवर पट्ट्याच्या रेघांच्या बाजूला लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारायचा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर दोष पट्ट्याचा किंवा पुल्या एका रेषेत नसल्याचा. उलट वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी. माझ्याकडे काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो काकूंना. "हां, पाणी दे त्याला, घसा सुकला असेल."

मग लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. टोक टेन्शनर पुलीच्या मधल्या बोल्टवर, कारण तो फिरत नाही, मूठ कानाशी. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, आणि हात पट्ट्यापासून लांब. आल्टरनेटरच्या बॉडीवर एकसारखी घूं ऐकू आली, टेन्शनरवर मात्र खडीवरून पत्रा ओढल्यासारखी खरखर. मी डोळे मिटून ऐकतोय, तेवढ्यात शेजारून कुजबुज : "श्वास चालू आहे का रे?"

एव्हाना वरच्या गॅलरीतून काका बोलू लागले. त्यांच्या जुन्या पद्मिनी गाडीला म्हणे टेन्शनर नावाची भानगडच नव्हती. खरंच नव्हती. एक व्ही पट्टा, डायनॅमोचा बोल्ट सैल करायचा, पहारीने रेटायचा, अंगठ्याने पट्टा दाबून बघायचा, बोल्ट आवळायचा. पट्टा तुटला तेव्हा त्यांनी मेहुणीच्या ओढणीवर गाडी खंबाटकीतून वाईपर्यंत नेली होती. ही ओढणी मी तिसऱ्यांदा ऐकत होतो, आणि दर खेपेला वाई थोडी लांब जाते.

इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. पट्ट्याच्या वाटेचा फोटो आधी काढला. 'लक्षात राहील' म्हणणारे संध्याकाळपर्यंत पट्ट्याशी झुंजत बसलेले मी पाहिलेत. टेन्शनरच्या दांडीवर लांब पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध हळूहळू वळवायचं, पट्टा वरच्या पुलीवरून सरकवायचा आणि दांडी तितक्याच हळू परत सोडायची. सटकू दिली तर बोटं गेली. मग प्रत्येक पुली हाताने फिरवायची. चांगली पुली मऊ फिरते आणि एक-दोन फेऱ्यांत थांबते. टेन्शनरची पुली भिंगरीसारखी सुटली, म्हणजे आत ग्रीस उरलंच नव्हतं. शिवाय डावी-उजवीकडे डुगडुगत होती.

खात्रीसाठी तार जोडून पट्ट्याविना इंजिन २० सेकंद चालवलं. याहून जास्त नाही, कारण पट्ट्यावर वॉटर पंप असेल तर इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत नाही. बॅटरीचा दिवा लागतो, तो लागणारच. आवाज पूर्ण बंद. मी खूश होऊन वर पाहिलं. काकूंचा हात तोंडावर गेला होता. "गप्प झालं रे..." आणि त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं खाटकाकडेही कुणी बघत नाही.

बेअरिंगवर नंबर होता ६२०३ : आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, जाडी १२. बाजारात ढिगाने मिळतं. पण माझी पुली प्लॅस्टिकची, बेअरिंग तिच्यातच ओतलेलं, त्यामुळे अख्खी पुली बदलणं आलं. दुकानदार म्हणाला, "पुली सुटी येत नाही, असेंब्ली घ्या." का? तर कंपनी तशीच देते. दांडीची स्प्रिंग ठणठणीत असताना तिचे पैसे मी का भरायचे? चालू इंजिनवर दांडी थरथरत असती तर भरलेही असते. चौथ्या दुकानात सुटी पुली मिळाली, तीही 'तुमच्यासाठी म्हणून'. गंजावरचा स्प्रे बेअरिंगवर मारायचा फुकटचा सल्लाही मिळाला. तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो. दोन दिवस शांतता, मग दुप्पट बोंब.

बोल्टला काही गाड्यांत उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी बघा, नाहीतर सोडायच्या नादात आवळत बसाल. माझा सुलटाच होता. नवी पुली मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे दिलेल्या नेमक्या जोराने, कसली, पट्टा चढवला आणि प्रत्येक पुलीवर बोट फिरवून रेघा खाचांत बसल्यात ना ते तपासलं. एक रेघ जरी बाहेर राहिली तरी पट्ट्याची कड सोलून निघते. गाडी सुरू. शांत.

ग्रुपवर तोवर 'ओम शांती' अकरा वेळा पडलं होतं. बेअरिंगबद्दल एकानेही विचारलं नाही. लिफ्ट तीन महिने बंद आहे, त्यावर एवढे हात कधी जोडले गेले नाहीत.

शेवटी मी जुनी पुली काकूंपुढे धरली. "हे बघा तुमचं पिल्लू." आणि बोटाने फिरवली. बारीकसं चिर्र झालं.

काकूंनी वाटी पुढे केली. "अगं बाई, धुगधुगी आहे अजून!"