कोपरावरच्या गाठीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

दादर-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कोपरावर पाण्याची गाठ आली की लगेच दुर्बिणीतून काढा, पुन्हा होत नाही.’ कृपया पुढे पाठवू नका. सुजते ती हाडाच्या टोकावरची, कातडीखालची पातळ पिशवी; सांधा नव्हे. टेबलावर कोपर टेकवणं सोडलं, मऊ पट्टी बांधली की बहुतेकांची सूज काही आठवड्यांत उतरते. महिनोन्‌महिने हटलीच नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार. दुर्बिणीतून लहान छेद बाजूला घेतात, त्यामुळे टोकावरची नाजूक कातडी कापावी लागत नाही, हा खरा फायदा. तरीही गाठ पुन्हा होऊ शकते. आणि कोपर लाल, गरम झालं, ताप आला, तर जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.