देऊळ पाडायच्या आधी: गावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

शिमगा जवळ आला की गावोगावच्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं एकच. 'जांभ्याचं कौलारू देऊळ कोकणच्या पावसात टिकत नाही. दरवर्षी दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा एकदाच पाडून आरसीसी बांधा, पुढे शंभर वर्षं बघायला नको. जुनं जपायला गेलात तर पुरातत्त्व खातं येईल आणि खिळासुद्धा ठोकू देणार नाही. शिवाय जुन्या सभामंडपात आजचे कार्यक्रम होणार कसे?' हे वाचून मुंबईत सभा भरते, वर्गणी ठरते आणि मे महिन्यात देवळासमोर जेसीबी उभा राहतो. एकदा मंडप खाली आला की चूक सुधारता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

'जांभा पावसात टिकत नाही.'

रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी तो १९१० साली बांधला. जांभ्याचीच, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाची इमारत, समुद्र दिसेल अशा टेकडीवर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलत ती उभी आहे आणि आज तिथे संग्रहालय आहे. खाणीतून काढलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा कापीव ठोकळा, मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. तो सच्छिद्र आहे, पाणी शोषतो हे खरंच. पण उघडीप मिळाली की ते सोडूनही देतो. जुन्या गवंड्यांनी सांध्यात आणि गिलाव्यात चुना वापरला, कारण चुन्यातून ओल बाहेर पडू शकते.

मग देवळांच्या भिंती खराब का होतात? आमच्या पंचक्रोशीतल्या एका देवळाला पंधराएक वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. आता जोत्यापासून हातभर उंचीवर तो फुगलाय. बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो आणि मागून चिऱ्याचा तांबडा भुगा गळतो. जोत्यातून चढणारी ओल सिमेंटमागे कोंडली जाते. खाऱ्या हवेच्या पट्ट्यात त्या ओलीत क्षार असतात, पाणी सुकलं की त्यांचे स्फटिक होतात आणि ते दगडाला आतून फोडतात. गावात मात्र 'जांभा कुजला' असंच बोललं जातं. तो गिलावा काढून, भिंत एक-दोन उन्हाळे सुकू देऊन, खराब झालेले चिरे बदलून चुन्याचा हात दिला असता तर पाडायचा विषयच निघाला नसता.

'आरसीसी एकदा बांधलं की शंभर वर्षं बघायला नको.'

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. काँक्रीटमधली सळी खाऱ्या हवेत गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं काँक्रीट तडकतं, पोपडे पडतात, सळी उघडी होते आणि गंज आणखी वेग घेतो. म्हणून तर आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी हवेतल्या आरसीसीसाठी किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलंय. तुमच्या गावच्या कामात हे कुणी मोजलं? काँक्रीट अंदाजाने कालवलेलं, रेती खाडीची आणि सळीखाली ठोकळे न ठेवताच स्लॅब ओतलेला, असं असेल तर वीस-पंचवीस वर्षांत छताचे पोपडे भाविकांच्या डोक्यावर पडू लागतात. नीट केलेलं आरसीसी टिकतं, त्याला माझा आक्षेप नाही. पण 'बघायला नको' असं कुठलंच बांधकाम या किनाऱ्यावर नाही. स्लॅब गळायला लागल्यावर त्यावर पत्र्याची शेड चढवलेली किती घरं, शाळा, समाजमंदिरं तुमच्या रस्त्याला लागतात ते येता-जाता मोजा. उतरतं छप्पर शेवटी पुन्हा घालावंच लागलं, फक्त कौलाऐवजी पत्रा आला.

'दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त पडतं.'

पाहणी न करता हे कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेक जुन्या मंडपांत सगळं लाकूड गेलेलं नसतं. गळती पागोळीच्या बाजूला आणि दोन पाख्यांच्या, म्हणजे छपराच्या उतारांच्या, सांध्यात, पन्हळीखाली असते. तिथली वाशांची टोकं आणि रिपा कुजतात. सुताराला घेऊन वर चढा, प्रत्येक वाशात पेचकस खुपसून बघा. वीतभर सडलेलं टोक कापून तिथे नवं लाकूड सांध्यात बसवता येतं, अख्खा वासा बदलावा लागत नाही. तुळया आणि खांब बहुधा ठणठणीत निघतात. असा एकेक नग मोजून केलेला अंदाज हातात आल्यावर नव्या बांधकामाच्या आकड्याशी तुलना करा. त्यात पाडलेल्या जुन्या सागाची आणि फणसाची किंमतही धरा. ते कोरीव खांब कवडीमोलाने जातात आणि तसं नक्षीकाम पुन्हा करून घ्यायचं तर किती पैसे लागतील, हे कुठल्याही चांगल्या सुताराला विचारा.

भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, पाया खचला असेल, तर काही भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो. तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने घ्यावा. ज्याला नव्या बांधकामाचं कंत्राट मिळणार आहे, त्याचा सल्ला त्यासाठी पुरेसा नाही.

'चक्रीवादळात कौलं उडाली, स्लॅब राहिले.' निसर्ग वादळानंतर, म्हणजे ३ जून २०२० पासून, मेसेजला ही पुरवणी जोडली गेली. कौलं उडाली हे खरं आहे, रायगड आणि उत्तर रत्नागिरीत लोकांचे फार हाल झाले. पण पत्रेही उडाले, आणि उडालेला पत्रा माणसाला कापतो. कौलं तारेने बांधता येतात, वासे भिंतीला पट्ट्यांनी जखडता येतात. छप्पर कच्चं होतं, ते पक्कं करता येतं. त्यासाठी खांब आणि भिंती पाडायचं कारण नाही.

'पुरातत्त्व खातं खिळाही ठोकू देत नाही.'

गावची बहुतेक देवळं कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली वास्तू संरक्षित व्हायला सरकारला आधी अधिसूचना काढावी लागते. तुम्ही स्वतःच्या देवळाची कौलं बदलली म्हणून कुणी ते ताब्यात घेत नाही. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर निर्बंध आहेत. तिथेही जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने होते. परवानगीला वेळ लागतो, ही तक्रार रास्त आहे. पण वापर थांबत नाही. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, २०२५ साली जागतिक वारसा यादीतही गेला, तरी आत कुटुंबं राहतात आणि शिवराजेश्वराची पूजा रोज होते.

'आजचे कार्यक्रम होणार कसे?'

जपणं म्हणजे गोठवून ठेवणं, असं या मेसेजमध्ये गृहीत धरलंय. जी मंगळुरी कौलं आपण पारंपरिक म्हणतो ती मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागली. त्याआधीच्या देवळांवर नळीची कौलं किंवा गवत होतं. म्हणजे छप्पर बदललं, खांब राहिले. सावंतवाडीच्या राजवाड्यात १९७० च्या दशकापासून शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकाराने गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवणारे कारागीर बसू लागले, दरबाराची जागा कार्यशाळा झाली.

देवळालाही हेच करता येतं. स्वच्छतागृह आणि महाप्रसादाची शेड प्राकाराबाहेर, वेगळी बांधा. म्हाताऱ्या माणसांसाठी एका बाजूने पायऱ्यांऐवजी उतार करा. वायरिंग खांब न कोरता पाईपातून न्या. लाकडी मंडपात भजन स्पष्ट ऐकू येतं. चारही बाजूंनी टाइल्स लावलेल्या हॉलमध्ये पखवाजाचा आवाज घुमतो आणि अभंगाचे शब्द कळत नाहीत. ज्यांनी दोन्हीकडे भजन केलंय त्या बुवांना विचारा.

राहिला पैसा. देणगीदार नव्या इमारतीलाच देतात, दुरुस्तीला देत नाहीत, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय असा, की कामाचे तुकडे पाडा: एका पाखीचं छप्पर एका घराण्याचं, एका बाजूची भिंत दुसऱ्या वाडीची. आणि उरलेली रक्कम कळसावर खर्च न करता मुदत ठेवीत ठेवा, व्याजातून दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी, होईल.