ऊन तिकडं, अक्कल इकडं

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं लिहिलं, "सूर्यचूल म्हणजे बायकांच्या गळ्यातलं लोढणं. त्यांना सिलिंडर द्या, ऊन नको." खाली वीस अंगठे. सोलापुरात, एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत बसून हे लिहिलंय! मी इकडं जर्मनीत, श्टुटगार्टात हायत्सुंग, म्हणजे घर तापवायचा हीटर, चालू ठेवून वाचतोय. डोकं सणकलं.

बाबा रे, सिलिंडरला कोण नको म्हणतंय? २०१६ पासून उज्ज्वलातून तो घरोघरी गेला, चांगलंच झालं. पण पुढचा परवडत नाही म्हणून कितीतरी घरांत शेजारी चूल पेटतेच. घरातल्या अशा धुरानं २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दुपारचा वरणभात सूर्यचुलीच्या पेटीत झाला तर तेवढं सरपण वाचतं, तेवढा धूर छातीत जात नाही. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एका जागी गोळा करणारे मोठे आरसे, बसल्या, त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होऊ लागला. तेव्हा नाही कुणाला लोढणं आठवलं!

इथं लोक उन्हाची तिरीपसुद्धा सोडत नाहीत. माझ्याच बाल्कनीला ८०० वॅटचं बाल्कनक्राफ्टवेर्क, म्हणजे कठड्याला टांगायचं सौर पॅनेल, लटकतंय. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. डिसेंबरात त्यावर धड चहाही होत नाही, हे लिहिलं नाही. शेजाऱ्याच्या कामिनओफनचा, म्हणजे लाकडाच्या शेगडीचा, धूरही फोटोत येऊ दिला नाही. जुने ओफन २०२४ अखेर सुधारा नाहीतर बंद करा, असा नियम आला, तरी थंडीत संध्याकाळी खिडकी उघडली की लाकडाच्या धुराचा वास येतोच. खरं सांगायचं तर मी ती मुद्दाम उघडतो. आजीच्या चुलीचा वास आहे तो.

आमच्या गच्चीवर आईची सूर्यचूल होती. आतून काळी पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, चार काळे डबे. सकाळी साडेनवाला डाळ-तांदूळ ठेवले की बारापर्यंत शिजायचे. फोडणी खाली गॅसवरच, पोळ्याही. शेंगदाणे मात्र पेटीतले, एकही न करपलेला. तसे पुन्हा खाल्ले नाहीत.

दर अर्ध्या तासानं पेटी उन्हाकडं फिरवायची, ते काम माझं होतं. मी क्रिकेट सोडून कधी आलो नाही. आईच जिना चढायची, गुडघ्यावर हात ठेवून.

भाच्याला हे ठाऊक नाही. त्याच्या आईला आहे. माझ्या लांबलचक पोस्टखाली ताईनं एवढंच लिहिलं, "आणि फिरवायला कोण जायचं रे?"

दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा खोडलं. शेवटी विचारलं, पेटी आहे का अजून?

"माळ्यावर आहे. वरची काच फुटलीय. तू आलास की बसवू. पण या खेपेला डिसेंबरात नको, मे महिन्यात ये."

अजून तिकीट पाहिलेलं नाही.